तगर आणि तेर : नावाची साक्ष व थराची साक्ष

धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर हे प्राचीन तगर होय, हे आज सामान्यतः मान्य आहे. तथापि हा निर्णय कोणत्या प्रमाणांवर उभा आहे आणि त्यांपैकी प्रत्येकाचे बळ किती, हे वेगळे करून पाहणे अगत्याचे आहे.

‘पेरिप्लस’ या इ. स. च्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर असून तेथून जाडेभरडे कापड व मलमल भडोचकडे जाई, असे सांगितले आहे. भगवानलाल इंद्रजी यांनी हे नगर जुन्नर येथे, तर रा. गो. भांडारकर यांनी धारूर येथे कल्पिले. १९०१ मध्ये फ्लीट यांनी तेरचा पक्ष मांडला. त्यास ध्वनिनियमाचा आधार मिळतो. स्वरमध्यस्थ ‘ग’ प्राकृतात लोप पावून ‘नगर’चे ‘नयर’ झाले व त्यापासून संगमनेर, अमळनेर यांतील ‘नेर’ आला. त्याच क्रमाने तगर, तयर, तेर. परंतु ध्वनिनियम शक्यता दाखवितो. वस्तीचे वय सांगत नाही.

ते सांगण्याचे काम पांढरीने केले. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी टेकाडांवर सापडणाऱ्या मृण्मूर्ती, मणी, नाणी व हस्तिदंती वस्तू निष्ठेने जमविल्या. गावातील शासकीय वस्तुसंग्रहालय आज त्यांच्याच नावाने आहे. हा संग्रह झाला नसता तर पुष्कळ पुरावा नष्ट झाला असता. मात्र अशा वेचलेल्या वस्तूला थर नसतो, आणि थरावाचून काळ ठरविणे कठीण. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचेच पाहा. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे मिळाली. ते नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे येथे हरवलेली कालमर्यादा तेथील राखेने पुरविली. पुढे १९५८ मध्ये चापेकरांनी तेर येथे शास्त्रीय उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन वस्ती प्रत्यक्ष थरांतच हाती आली.

सारांश, नावाने स्थळ सुचविले, संग्रहाने वस्तू राखल्या, उत्खननाने काळ दिला. यांपैकी कोणतीही एक साक्ष एकटी पुरेशी नाही. म्हणून ग्रामनामाच्या अभ्यासकाने व्युत्पत्ती जुळताच न थांबता त्या गावची पांढर पाहावी. आणि गावकऱ्याने वस्तू उचलण्यापूर्वी ती कोठे व किती खोल होती, एवढी नोंद अवश्य ठेवावी.