अनोळखी संदेशाची शहानिशा

बिदर शहरात महमूद गावानाचा मदरसा आजही उभा आहे. बहमनी राज्याच्या या कर्तबगार वजिराचा अंत एका बनावट पत्राने झाला. इतिहासकार फरिश्ता याच्या वृत्तान्तानुसार, दरबारातील विरोधकांनी गावानाची मोहोर सांभाळणाऱ्या सेवकाला वश करून ती कोऱ्या कागदावर उमटवून घेतली आणि त्यावर ओरिसाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण लिहिले. मोहोर आपली असली तरी पत्र आपले नाही, असे गावानाने सांगितले. तिसऱ्या महंमदशहा सुलतानाने अधिक चौकशी न करता ५ एप्रिल १४८१ रोजी त्यास देहदंड दिला. पुढे सत्य समजले, तेव्हा पश्चात्तापावाचून सुलतानाच्या हाती काही उरले नव्हते.

मोहोर पाहून मजकुरावर विश्वास ठेवू नये, हा या घटनेचा बोध मोबाइलवर येणाऱ्या अनोळखी संदेशांनाही लागू पडतो.

फसवणुकीचे नेहमीचे प्रकार

“आपले वीजबिल थकले आहे, आज रात्री वीज तोडण्यात येईल, पुढील क्रमांकावर अधिकाऱ्याशी बोला”, “पीएम किसानचा हप्ता अडला आहे, सोबतची फाईल उघडा”, “आपल्या वाहनास दंड झाला आहे” अशा आशयाचे खोटे संदेश देशभर पसरविले जातात. त्या सर्वांत दोन गोष्टी समान असतात : भीती किंवा लोभ, आणि घाई. विचार करण्यास व कोणास विचारण्यास अवधी मिळू नये, हाच त्यांचा हेतू असतो.

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या सीमेवरील तालुक्यांत आणखी एक अडचण आहे. घरात मराठी बोलली जाते. संदेश मात्र कन्नड किंवा इंग्रजीत येतो. तो वाचून घेण्यासाठी वडीलधारी मंडळी शाळकरी मुलाच्या हाती मोबाइल देतात आणि अर्थ कळण्यापूर्वीच बोट दुव्यावर पडते.

संदेशाचे शीर्षक काय सांगते?

बँका, कंपन्या व शासकीय खाती यांचे संदेश सामान्यतः दहा अंकी क्रमांकावरून येत नाहीत, तर नोंदणीकृत अक्षरी शीर्षकाने येतात. २०२५ पासून या शीर्षकाच्या शेवटी एक अक्षर जोडण्यात येते : जाहिरातीस ‘पी’, सेवेविषयीच्या संदेशास ‘एस’, व्यवहाराच्या संदेशास ‘टी’ आणि शासकीय संदेशास ‘जी’. साध्या दहा अंकी क्रमांकावरून कोणी बँकेच्या किंवा वीज कंपनीच्या नावाने लिहीत असेल, तर संशय घेणे रास्त ठरते.

तथापि शीर्षक हा अखेरचा पुरावा नव्हे. नोंदणीकृत शीर्षकांचाही गैरवापर होत असल्याचे आढळल्यामुळे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांच्या फेरतपासणीचा आदेश दिला होता. मोहोर खरी व पत्र खोटे, हा प्रकार येथेही घडू शकतो.

शहानिशा कशी करावी?

संदेशात दिलेल्या क्रमांकावर किंवा दुव्यावर खात्री करू नये. फसविणाराच तेथे उत्तर देतो. चौकशी नेहमी आपल्या माहितीच्या, वेगळ्या मार्गाने करावी. वीजबिलाविषयी शंका असल्यास १९१२ या क्रमांकावर किंवा जेस्कॉमच्या जवळच्या कार्यालयात विचारावे. पीएम किसानची वर्षाला ६,००० रुपयांची मदत तीन हप्त्यांत थेट खात्यात जमा होते. तिच्याबद्दल १५५२६१ या क्रमांकावर किंवा रैत संपर्क केंद्रात चौकशी करावी. बँकेचा क्रमांक पासबुकावरून घ्यावा.

‘एपीके’ नावाची फाईल संदेशातून आल्यास ती कदापि उघडू नये. ती मोबाइलमध्ये बसविल्यास आपले संदेश, त्यांत आलेल्या ओटीपीसह, दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. ओटीपी कोणासही सांगू नये. यूपीआयचा गुप्त क्रमांक पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

फसवणूक झाल्यास

लाज वाटून गप्प राहणे हे सर्वांत मोठे नुकसान होय. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेसही कळवावे. तक्रार संबंधित बँकांकडे पोहोचते व रक्कम पुढे वळविली गेली नसेल, तर ती रोखता येते. म्हणून येथे प्रत्येक मिनिटास मोल आहे. संदेश पुसून टाकू नये. तो पुरावा असतो. पैसे गेले नसले तरी संशयास्पद संदेशाची माहिती ‘संचार साथी’ वरील ‘चक्षू’ या सुविधेत देता येते.

घर भालकीत आणि बँक खाते उदगीरला, अशी स्थिती सीमाभागात असू शकते. तक्रार कोणत्या राज्यात करावी, या विचारात वेळ दवडू नये. १९३० ही सेवा देशभरासाठी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते.

शिक्षकांनी वर्गात व ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत ही माहिती मराठीतून समजावून सांगावी. कोणी मोबाइल घेऊन संदेश वाचून घेण्यास आला, तर प्रथम संपूर्ण संदेश त्याच्या भाषेत सांगावा, मगच पुढचे पाऊल उचलावे. सुलतानाने त्या दिवशी चौकशीसाठी थोडा अवधी घेतला असता, तर एका निरपराध वजिराचा जीव वाचला असता. आपल्या खात्यातील कष्टाची कमाई तेवढाच अवधी मागत आहे.