विश्लेषण : खुनाची शिक्षा बदलण्याचा अर्ज फेटाळला, मग पुढे काय? कॅलिफोर्नियातील कैद्यांपुढे अपिलाचा मार्ग कोणता?

तिघे दुकान लुटायला जातात. एक जण बाहेर गाडी सुरू ठेवून बसतो. आत गोळी सुटते, दुकानदार मरण पावतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०१९ पूर्वी गाडीतला माणूसही बहुतेक वेळा पहिल्या श्रेणीच्या खुनात दोषी ठरत असे. शिक्षा जन्मठेप, पॅरोलचा विचार किमान २५ वर्षांनी. त्याने बंदूक पाहिलीही नसली, तरी!

कायदा कसा बदलला?

‘सिनेट बिल १४३७’ १ जानेवारी २०१९ पासून लागू झाले. आता अशा गुन्ह्यात खुनी ठरवायचे तर त्या व्यक्तीने स्वतः मारलेले असावे, मारण्याच्या इराद्याने मदत केलेली असावी किंवा गुन्ह्यात मोठा वाटा घेऊन मानवी जिवाबाबत बेपर्वाई दाखवलेली असावी. मृत व्यक्ती कर्तव्यावरील पोलीस असेल तर ही सवलत सहसा मिळत नाही. जुन्या कैद्यांनाही शिक्षा बदलून मागता येते. हे कलम आज ‘११७२.६’ म्हणून ओळखले जाते. २०२२ पासून खुनाचा प्रयत्न आणि सदोष मनुष्यवध यांतील दोषींनाही ते लागू झाले.

अर्ज कुठे अडकतो?

दोन ठिकाणी. आधी न्यायाधीश अर्ज सकृद्दर्शनी टिकतो का ते पाहतात. अर्ज नमुन्याप्रमाणे असेल आणि कैद्याने मागितला असेल, तर या टप्प्यावरही सरकारी खर्चाने वकील द्यावा लागतो, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या ‘लुईस’ निकालात सांगितले. अर्ज टिकला तर सुनावणी होते. तिथे ज्युरी नसते. नव्या कायद्यानेही हा माणूस खुनीच आहे, हे सरकारी पक्षाला वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागते.

अपिलात काय तपासले जाते?

नकाराच्या आदेशापासून ६० दिवसांत अपिलाची नोटीस त्याच कनिष्ठ न्यायालयात द्यायची असते. कैद्याने ती मुदतीत तुरुंग अधिकाऱ्यांकडे टपालासाठी सोपवली, तरी चालते. अर्ज पहिल्याच टप्प्यावर फेटाळला असेल तर अपील न्यायालय प्रश्न नव्याने तपासते. सुनावणीनंतरचा नकार मात्र उलटवणे फार कठीण, कारण निष्कर्षाला पुरेसा पुरावा होता का, एवढेच सहसा पाहिले जाते. पहिल्या प्रकारचे अपील जिंकले तरी सुटका होत नाही. प्रकरण सुनावणीसाठी परत जाते.

वकिलालाच मुद्दा सापडला नाही तर?

खरी मेख इथे आहे. शिक्षेविरुद्धच्या पहिल्या अपिलात वकिलाने हात टेकले तरी न्यायालय संपूर्ण दप्तर स्वतः तपासते. या अपिलात तसे बंधन नाही, असे २०२२ च्या ‘डेल्गाडिलो’ निकालाने ठरवले. न्यायालय कैद्याला कळवते : ३० दिवसांत स्वतःचे म्हणणे लेखी मांडा, नाहीतर अपील सोडून दिले असे समजून ते निकाली काढले जाऊ शकते. कैद्याने लिहिले तर त्या मुद्द्यांवर न्यायालयाला लेखी निकाल द्यावाच लागतो. म्हणजे कोठडीत बसून, बहुधा कायद्याचे शिक्षण नसताना लिहिलेल्या त्या पत्रावर बरेच काही अवलंबून! न्यायालय स्वतःहून दप्तर तपासू शकते, पण ते त्याच्या मर्जीवर.

जुना निष्कर्ष आड येतो का?

‘मोठा वाटा’ आणि ‘बेपर्वाई’ यांचा अर्थ २०१५ च्या ‘बँक्स’ आणि २०१६ च्या ‘क्लार्क’ निकालांनी बराच आवळला. त्याआधीच्या ज्युरीने असा निष्कर्ष काढला होता, एवढ्याच कारणाने अर्ज फेटाळता येणार नाही, असे ‘स्ट्राँग’ निकालाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

भारतात असे काही आहे?

दरोड्यात एकाने खून केला तर सगळे दरोडेखोर जबाबदार, हे तत्त्व भारतीय दंड संहितेच्या कलम ३९६ मध्ये होते. भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१० (३) मध्ये कायम आहे. त्यासाठी किमान पाच जण लागतात. वरच्या उदाहरणातले तिघे इथे ‘दरोडेखोर’ ठरणार नाहीत. त्यांच्याबाबत समान इराद्याचा प्रश्न येईल.