झेंडा उतरला ते गाव

२९ सप्टेंबर १८०६. अमेरिकी लष्करातला अधिकारी झेब्युलन पाइक रिपब्लिकन नदीकाठच्या एका गावात बैठकीला बसला होता. गाव पॉनी लोकांच्या किटकेहाहकी या शाखेचं. पॉनींच्या चार शाखांपैकी स्किडींवर बरंच लिहिलं गेलं, किटकेहाहकी मात्र मागेच राहिले. खरं तर नदीला नाव मिळालं ते यांच्यामुळेच, कारण फ्रेंच व्यापारी त्यांना ‘रिपब्लिकन पॉनी’ म्हणत. थोड्याच दिवसांपूर्वी स्पॅनिश फौज येऊन गेल्यामुळे गावात स्पेनचा झेंडा होता. पाइकने तो उतरवायला लावून अमेरिकेचा चढवला.

हे गाव नेमकं कुठलं, यावरून पुढे कॅन्सस आणि नेब्रास्का या राज्यांत चांगलीच जुंपली. कॅन्ससने रिपब्लिक गावाजवळच्या अवशेषांपाशी १९०१ मध्ये स्मारकस्तंभ उभारला, शताब्दीही तिथंच साजरी केली. नेब्रास्कातला मोटारविक्रेता ए. टी. हिल याला ते पटेना. त्याने पाइकच्या रोजनिशीतली वर्णनं जागेशी ताडून पाहिली, रेड क्लाउडजवळचं एक शेतच विकत घेतलं आणि खणायला सुरुवात केली. स्पॅनिश पदक हाती लागलं आणि पारडं नेब्रास्काकडे झुकलं.

मला मात्र कॅन्ससची जागा जास्त बोलकी वाटते. १८२० च्या दशकातल्या एका मातीच्या गोल घराची जमीन तिथं होती तशी राखून वर संग्रहालय बांधलंय. घर जळालं म्हणूनच त्याचा माग उरला, कारण कोळसा झालेलं लाकूड कुजत नाही. खांबांच्या खुणा, मधोमध चूल आणि जमिनीत खोल, तोंडाशी अरुंद, तळाशी ऐसपैस असं मक्याचं पेव. वर्षातून दोनदा अख्खं गाव बायसनच्या शिकारीला लांब निघून जाई, तेव्हा धान्य अशा पेवांत बुजवून ठेवत. पेव निकामी झालं की त्यात केरकचरा पडे. लोक काय खात, काय वापरत, हे पुरातत्त्वज्ञांना कळतं ते या कचऱ्यातूनच.

पण उत्खननांच्या ओघात पॉनींच्या कबरीही उकरल्या गेल्या, हाडं संग्रहालयांच्या कपाटांत गेली. संशोधनाच्या नावाखाली हे माफ करणं मला जमत नाही. १८७० च्या दशकात ओक्लाहोमात जावं लागलेल्या पॉनींनी पूर्वज परत मागितले, तेव्हा नेब्रास्काच्या इतिहास संस्थेने विरोध केला. पॉनी लढत राहिले. १९८९ मध्ये राज्याने हाडं परत करण्याचा कायदा केला, १९९० मध्ये देशाने. आपल्याकडची हाडं कुणाची, हे त्या जमातीला कळवणं सरकारी पैसा घेणाऱ्या अमेरिकी संग्रहालयांना तेव्हापासून बंधनकारक झालं.