लेटेक्सची गादी घेताना
कंबर दुखली की ‘फळीवर झोपा’ हा सल्ला हमखास मिळतो. मात्र स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेल्या, २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीने अधिक आराम मिळाला. रबराच्या चिकापासून बनणारी लेटेक्सची गादी अंगाचा भार नीट पेलते, पण महाग पडते. घरची गादी खोलगट झाली नसेल, तर तिच्यावर दोन इंची लेटेक्सचा थर घालूनही भागते. दुकानात दहा मिनिटे कुशीवर झोपून पाहा. खांदा थोडा रुतावा, कणा सरळ राहावा. नैसर्गिक लेटेक्स किती, हे विचारा. रबराची अ‍ॅलर्जी असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. आणि कापसाच्या गादीसारखी ती उन्हात टाकू नका. उन्हाने रबर कडक होऊन त्याचा भुगा पडतो.