पितळी पट्टीला मोकळीक हवी

दगडी फायरप्लेसच्या तोंडाभोवती पितळेची पट्टी बसवायची असेल, तर ती जितकी घट्ट आवळू तितकी टिकेल, असे सहज वाटते. पदार्थांचे गुणधर्म मात्र याच्या उलट सांगतात. तापमान एका अंशाने वाढले की पितळ मीटरमागे सुमारे १९ मायक्रॉन लांबते, ग्रॅनाइट साधारण ८ मायक्रॉन. दीड मीटरची पट्टी ८० अंशांनी तापली, तर ती सव्वादोन मिलिमीटरने वाढेल आणि तिच्याखालचा दगड तेवढाच तापला तरी जेमतेम एक मिलिमीटरने. प्रत्यक्षात दगड सावकाश तापतो, म्हणून ही तफावत आणखी वाढते. पट्टीची दोन्ही टोके स्क्रूने जखडलेली असली की तिला वाढायला जागा उरत नाही. मग ती मध्येच फुगते, नाहीतर सगळा जोर स्क्रूच्या भोकांवर येतो. दगड दाब उत्तम सोसतो, ताण सोसत नाही. त्यामुळे कपची उडते ती भोकाच्या कडेशी.

धातूमुळे दगड फुटण्याचे दुसरे कारण गंज, आणि त्याचा सर्वांत ठळक पुरावा अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ते बांधणाऱ्या ग्रीक कारागिरांनी संगमरवराचे चिरे लोखंडी पकडींनी जोडले, पण प्रत्येक पकडीभोवती वितळलेले शिसे ओतले. शिशाने पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोहोचू दिली नाही, शिवाय ते मऊ असल्याने चिऱ्यांच्या बारीक हालचालीही सामावून घेतल्या. पुढे १८९८ नंतरच्या काही दशकांत निकोलाओस बालानोस या अभियंत्याने तिथे दुरुस्ती केली. त्याने नव्या लोखंडी पकडी वापरल्या, पण शिशाचे संरक्षण दिले नाही. गंजलेले लोखंड मूळच्या दुपटीहून अधिक जागा व्यापते. आतून आलेल्या या रेट्याने शतकानुशतके टिकलेला संगमरवर तडकला. १९७५ मध्ये नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली ते लोखंड काढून टायटॅनियम बसवले जात आहे. ते गंजत नाही आणि त्याचे प्रसरणही संगमरवराच्या जवळपास आहे. मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यामागची दृष्टी: भार फार वाढलाच, तर आधी धातूने हार मानावी आणि दगड वाचावा, अशा बेताने हे जोड आखलेले असतात.

यावर कोणी म्हणेल की काँक्रीटमध्ये पोलादी सळया पक्क्या रुतवलेल्या असतात, तरी इमारती उभ्या राहतातच. खरे आहे, पण पोलाद आणि काँक्रीट यांचे प्रसरण जवळजवळ सारखे असते आणि काँक्रीटचा अल्कधर्मी गुण सळयांना गंजापासून जपतो. पितळ आणि ग्रॅनाइट यांचे तसे जमत नाही. दुसरा आक्षेप आधुनिक चिकटद्रव्यांचा. खोलीच्या तापमानाला घट्ट होणारे बरेचसे साधे इपॉक्सी ५० ते ८० अंशांच्या सुमारास मऊ पडू लागते, आणि फायरप्लेसच्या तोंडाशी एवढी उष्णता सहज असते. सैल पट्टी खडखडेल, ही भीती रास्त आहे. पण सैल म्हणजे लोंबती नव्हे. पट्टी मधोमध एका स्क्रूने पक्की करावी, बाकीची भोके लांबट ठेवावीत आणि तिथले स्क्रू पट्टी सरकू शकेल इतपतच आवळावेत. पट्टी दगडाला धरून राहते आणि दोन्ही टोकांकडे मोकळेपणी वाढते. टोकांशी दोन-तीन मिलिमीटरची फट सोडावी. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत. दगडातली भोके कडेपासून दूर घ्यावीत आणि आत फुगून पकड घेणारे बोल्ट टाळावेत, कारण तेही दगडाला आतून बाहेर रेटतात.