गोंगाटाचे दोन हिशेब

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. तिच्या दोन्ही भुजा चार-चार किलोमीटर लांब, आणि त्यांच्या लांबीत टिपायचा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. अशा यंत्राला जमिनीची थरथर, आरशांतल्या रेणूंची उष्णतेमुळे होणारी चुळबुळ, लेझरच्या फोटॉनांची कमी-जास्त आवक, सगळेच नडते. संगणक मात्र याच जातीचा गोंगाट गेली तीस वर्षे वेचतो आहे. ऑनलाइन व्यवहारामागची गुप्त किल्ली कुणालाही ताडता न येणारी संख्या असावी लागते, आणि आज्ञेबरहुकूम चालणाऱ्या यंत्राला अशी संख्या नुसत्या गणिताने काढता येत नाही.

दोन्ही हिशेब जवळपास एकाच काळातले. १९९१ साली पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतून बी. एस. सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांनी गोंगाटात बुडालेला लहरीचा संकेत अपेक्षित नमुन्यांशी जुळवून कसा शोधायचा, यावर महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. १९९४ साली थिओडोर त्सो यांनी लिनक्सच्या गाभ्यासाठी रँडम संख्यांचा साठा लिहिला. कळा दाबण्यातले अंतर, माउसची हालचाल, हार्ड डिस्कचे उत्तर यायला लागलेला वेळ, हे सगळे त्यात घुसळले जाई. कशातून किती बिट अनिश्चितता आली, याची वही ठेवायची आणि शिल्लक संपली की मागणाऱ्याला ताटकळत ठेवायचे, अशी ती व्यवस्था.

असा साठा नसला किंवा वापरला नाही तर काय होते, ते १९९५ मध्येच दिसले. नेटस्केप ब्राउझर आपले बीज, म्हणजे जिच्यापासून पुढच्या रँडम संख्या निघतात ती सुरुवातीची संख्या, घड्याळाची वेळ आणि प्रक्रिया क्रमांकांवरून काढत असे; इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी ते ओळखून दाखवले. २००८ मध्ये उघड झाले की डेबियन या लिनक्स-आवृत्तीतल्या ओपनएसएसएल या किल्ल्या बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून दोन वर्षांपूर्वी काही ओळी काढल्या गेल्या होत्या, त्यामुळे अनिश्चितता म्हणून उरला होता फक्त प्रक्रिया क्रमांक. म्हणजे एका प्रकारच्या किल्ल्या जेमतेम ३२ हजार. २०१२ मध्ये संशोधकांना इंटरनेटवरच्या हजारो उपकरणांच्या किल्ल्यांत सामाईक अविभाज्य संख्या सापडल्या. राउटर-फायरवॉलसारख्या या डब्यांना ना कीबोर्ड, ना माउस. सुरू होताच, पुरेसा गोंगाट जमण्याआधीच, ते किल्ल्या पाडून मोकळे झाले होते.

त्याच वर्षी इंटेलच्या आयव्ही ब्रिज चिपमध्ये उष्णतेच्या गोंगाटावर चालणारा रँडम संख्यांचा स्रोत आला. पण २०१३ च्या स्नोडेन प्रकरणानंतर बंद चिपवर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न उभा राहिला. फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीने अशा चिपची संख्या थेट न वापरता इतर स्रोतांबरोबर मिसळायचे ठरवले.

२०१९ मध्ये लिनक्समध्ये डिस्कचे काम हलके करणारी एक सुधारणा झाली, आणि काही संगणक सुरू होतानाच अडकले. डिस्कचे काम कमी झाल्याने गोंगाटही कमी जमत होता! लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी प्रोसेसरच्याच वेळेतल्या चढउतारांतून तो मिळवायची सोय केली. २०२० पासून साठा एकदा नीट भरला की पुन्हा ताटकळणे संपले. २०२२ मध्ये जेसन डोनेनफेल्ड यांनी हा भाग मोठ्या प्रमाणावर नव्याने बांधला. सुरुवातीला २५६ बिट खात्रीचे मिळाले, की पुढचे काम गणित सांभाळते. बिटांची ती वही निरर्थक ठरली.

दुधाळ्याचा हिशेब याच्या अगदी उलट. प्रकल्पाला केंद्र सरकारची तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली, तर सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये. तिथे गोंगाटाचा प्रत्येक स्रोत ओळखावा आणि सतत मोजत राहावा लागेल, कारण त्याशिवाय लहर खरी की खोटी हे सांगता यायचे नाही. संगणकाच्या बाबतीत तो मोजून भागत नाही. परक्याला ठाऊक नसणे, एवढाच त्याचा गुण.

म्हणूनच आता चिंता गोंगाट किती, याची राहिलेली नाही. तो दुसऱ्या कुणाकडे तर नाही ना, याची आहे. क्लाउडवर एकाच गोठवलेल्या प्रतीवरून दहा आभासी संगणक उठवले, तर दहाही जण तेच बीज घेऊन जागे होऊ शकतात. आपण प्रत आहोत हे ओळखून लगेच नवे बीज घेण्याची सोय लिनक्समध्ये आली तीही २०२२ मध्येच, म्हणजे पहिल्या साठ्यानंतर २८ वर्षांनी.