सगळ्यात मोठा, पण कुणात?

माझी शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे 'गुड, बेटर, बेस्ट' मी पाढ्यांसारखं पाठ केलंय. सुपरलेटिव्हच्या आधी 'द' आणि नंतर 'ऑफ' किंवा 'इन', की झालं! पण मित्रांनो, सगळी गोम या 'ऑफ' आणि 'इन' मध्येच आहे.

सुपरलेटिव्ह म्हणजे 'खूप' नव्हे. वर्गातला 'टॉलेस्ट' मुलगा उंच असेलच असं नाही. पाच बुटक्यांतही एक टॉलेस्ट निघतोच. हा शब्द गुण सांगत नाही, गटातला नंबर सांगतो. म्हणून गट कोणता ते सांगितल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही.

मराठीत यासाठी विशेषणाचं वेगळं रूप नाही. संस्कृतातला 'तम' आपल्याला लसावितल्या 'लघुतम' आणि मसावितल्या 'महत्तम' मध्ये भेटतो, एवढंच. बोलताना आपण 'सगळ्यांत मोठा' म्हणतो, नाहीतर 'सगळ्यांपेक्षा मोठा', आणि दोन्ही चालतं. इंग्रजीत मात्र फरक पडतो. सुपरलेटिव्हमध्ये ती वस्तू गटाच्या आत असते, कम्पॅरेटिव्हमध्ये गटाबाहेर. 'कोयना इज बिगर दॅन एनी डॅम इन सातारा' म्हटलं तर कोयना स्वतःपेक्षाही मोठी ठरते! तिथे 'एनी अदर डॅम' हवं. उलट 'द बिगेस्ट ऑफ ऑल' म्हणताना 'अदर' नको.

दुसरा प्रश्न, मोजायचं कशात? राज्यातलं 'लार्जेस्ट' धरण कोणतं, यावर सातारकर आणि सोलापूरकर दोघेही हक्क सांगतील. एकूण साठा बघितला तर उजनी सुमारे ११७ टीएमसी आणि कोयना १०५. पण उजनीतला निम्म्याहून जास्त साठा मृतसाठा आहे. उपयुक्त साठा धरला तर कोयना सुमारे १०० टीएमसीने कितीतरी पुढे. म्हणजे माप बदललं की नंबरही बदलला. मग लिहिणारे 'वन ऑफ द लार्जेस्ट' म्हणून सुटका करून घेतात. हरकत नाही, पण त्यापुढे अनेकवचन हवं : 'वन ऑफ द लार्जेस्ट डॅम्स'. अनेकांतला एक, म्हणून अनेक आधी दिसले पाहिजेत ना!

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : कधीपर्यंत? कोयनेचं पाणी कराडला कृष्णेला मिळतं आणि खाली सांगलीत येतं. २००५ साली आयर्विन पुलाजवळ पाणी सुमारे ५४ फुटांवर गेलं. इंग्रजीत आपण म्हणू, 'द हायेस्ट फ्लड वी हॅव एव्हर सीन'. इथे 'हॅव सीन' का, 'सॉ' का नाही? कारण गट 'आजपर्यंतचे पूर' असा आहे आणि तो रोज वाढतोय. सुपरलेटिव्ह झालेल्या गोष्टींतला पहिला नंबर सांगतो, पुढची मर्यादा नाही. पण २००५ ची खूण ही जणू वरची हद्द, असं बऱ्याच घरांनी धरलं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि त्या खुणेच्या भरवशावर वर ठेवलेलं सामानही भिजलं.

आपल्या शाखेत हा फरक पाळावाच लागतो. मोठ्या धरणाचा सांडवा केवळ 'आजवरच्या सर्वांत मोठ्या' पुरावर बेतत नाहीत. त्या खोऱ्यात जास्तीत जास्त केवढा पूर येऊ शकेल, तो 'प्रोबेबल मॅक्झिमम फ्लड' काढतात. एक मॅक्झिमम नोंदीतला, दुसरा शक्यतेतला. शब्द एकच, गट वेगळे.

तेव्हा प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'बेस्ट' किंवा 'मोस्ट एफिशियंट' लिहिताना पुढे तीन गोष्टी लिहा : कुणात, कशात आणि कधीपर्यंत. व्हायव्हाला एक्स्टर्नल हेच विचारणार.

आणि हो, आपली मेस 'द वर्स्ट' आहे असं रोज म्हणणाऱ्यांनी आधी बाकीच्या मेसमध्ये जेवून यावं. गट पुरा व्हायला नको का?